प्रत्येक घरात एक गाठ

गल्लीतली पोरं तिला शूबाई म्हणत. वाचनालयात कुणी मोठ्यानं बोललं की ती मान वर न करता नुसतं ‘शू’ करायची, म्हणून. तोंडावर मात्र सगळ्यांसाठी ती बाईच होती. ग्रंथपाल म्हणून तिची नोकरी आता संपत आली होती. उरलेली वर्षं गुमान काढावीत आणि मग घरी पाय वर घेऊन वाचत बसावं, याहून जास्त तिला काही नको होतं. समाजसेवेची तिला हौस नव्हती. खरं सांगायचं तर माणसांचीही फारशी नव्हती.

तिला हव्या होत्या मोकळ्या पायऱ्या.

वाचनालयाच्या मागं, उताराला, एक गल्ली होती. एका अंगाला गोदामाची उंच भिंत, दुसऱ्या अंगाला चढ, त्यामुळे तिथं फोनला रेंज असली तर असली. इंटरनेटच्या कंपन्यांची माणसं येऊन बघून गेली. एवढ्याशा घरांसाठी रस्ता खणणं परवडत नाही म्हणाली आणि पुन्हा फिरकली नाहीत. वाचनालयात इंटरनेट होतं, आणि ते दाराबाहेर झिरपत पायऱ्यांपर्यंत यायचं. मग संध्याकाळी सगळी गल्ली पायऱ्यांवर. कुणी नोकरीचा अर्ज भरतंय, कुणी लांबच्या जावयाशी भांडतंय, कुणी कानात बोंडं घालून एकटंच हसतंय. पुस्तक बदलायला आलेल्या म्हाताऱ्यांना ‘जरा सरका, जरा सरका’ करत वर चढावं लागे. एकदा एका आजोबांचा पाय कुणाच्या तरी डब्यात पडला आणि ते वाचनालयाच्या समितीपर्यंत गेले.

समितीचे अध्यक्ष निवृत्त वकील होते. “बाई, हे वाचनालय आहे की बसस्टँड?” त्यांनी विचारलं. “संध्याकाळी ते यंत्र बंद करून टाका. बसतात कशाला मग!”

“बंद केलं तरी बसतील,” बाई म्हणाली. “सवय लागलीय. इंटरनेट त्यांच्या घरी गेलं तरच उठतील.”

वाचनालयात येणाऱ्या एका मासिकात तिनं वाचलं होतं, की जिथं कंपन्या जात नाहीत तिथं लोक आपलं जाळं आपणच उभं करतात. एका उंच जागेवरून दुसऱ्या उंच जागेवर हवेतून इंटरनेट पाठवायचं, आणि तिथून घराघरात. डबे आपण बसवायचे, बिघडले तर आपण दुरुस्त करायचे, कुणी किती वापरायचं हेही आपणच ठरवायचं. हे लोकांना शिकवायला वाचनालयात तीन शनिवार कार्यशाळा घेऊ, असा तिनं प्रस्ताव ठेवला. अध्यक्षांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“घ्या. पण पहिल्याच शनिवारी मला चालू दिसलं पाहिजे. हवेतल्या गप्पा नकोत.”

“हवेतूनच येतं ते.”

“तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय. नाही चाललं, तर संध्याकाळी यंत्र बंद, आणि सभागृह मी शिकवणीच्या वर्गाला देतो. ते कधीचे मागं लागलेत.”

सभागृह म्हणजे वाचनालयाची एकच मोठी खोली. दुपारी गल्लीतल्या बायका तिथं वर्तमानपत्र वाचायला यायच्या. म्हणजे एक वाचायची आणि बाकीच्या तिला मध्ये तोडायच्या. शिकवणीवाले आले की ते संपलं असतं, आणि मग बाईला दिवसभर बाकं मोजत बसायला लागलं असतं.

तेव्हा तिनं आखणी सुरू केली. पुस्तकांना जशी जागा लावतात तशी ती गोष्टींना लावत गेली. वेळ आधी संध्याकाळची ठरवली. मग लक्षात आलं, संध्याकाळी स्वयंपाक. सकाळची ठरवली, तर सकाळी धुणं. शेवटी दुपारी भांडी झाल्यावर आणि नळाला पाणी येण्याआधी जी फट सापडते, तिच्यात कार्यशाळा बसवली. पहिल्या शनिवारी हे काय असतं ते दाखवायचं. दुसऱ्या शनिवारी प्रत्येकानं स्वतःच्या हातानं वायर कापून टोक बसवायचं. तिसऱ्या शनिवारी भांडायचं. म्हणजे डबा कुणाच्या घरी ठेवायचा, बिघडला तर कुणी चढायचं, पाहुण्यांना वापरू द्यायचं की नाही. हे भांडण वाचनालयात, तिच्या समोर झालं तर बरं, नाहीतर गल्लीत होईल आणि डबे फुटतील, असा तिचा हिशेब होता.

शिकवायला तिनं केबलवाल्याला धरलं. एके काळी गावभर टीव्हीच्या केबली त्यानं टाकल्या होत्या. लोकांनी त्या कापून टाकल्यावर तो आता टीव्हीचे रिमोट विकायचा. कुठल्या गच्चीवर कुठून चढता येतं हे त्याला माहीत होतं. बाकी तो जे सांगायचा त्यातलं निम्मं खोटं असायचं.

“बाई, सिग्नल म्हणजे पाणी हो. वरून सोडायचं, खाली आपोआप येतं.”

“मासिकात तसं नाही लिहिलेलं. दोन डबे एकमेकांना दिसले पाहिजेत, असं आहे.”

“तेच म्हणतोय ना मी. पाणी दिसल्याशिवाय येतं का?”

बाईनं त्याला मागच्या खोलीत उभं करून तालीम घेतली. ऐकायला झाडूवालीला बसवलं. झाडूवाली शिकलेली नव्हती आणि भिडेखातर मान हलवण्यातलीही नव्हती. केबलवाला म्हणाला, “तर आपण प्रत्येक घरात एक नोड देणार आहोत.”

“नोट?” झाडूवाली सरसावून बसली. “केवढ्याची?”

“नोट नाही, नोड.”

“मग सुटे देणार का?”

नोड शब्द चालणार नाही हे बाईला तिथंच कळलं. नोटा वाटणार म्हणून सगळं गाव लोटलं असतं. तिनं शब्दकोश काढला. जाळ्यात दोरे जिथं एकमेकांना मिळतात, तिथं काय असतं? गाठ. किती सरळ शब्द! तिला स्वतःवर खूश व्हायची सवय नव्हती, पण त्या दिवशी झाली. अध्यक्षांनाही शब्द फार आवडला. “वा! गाठीभेटी, रेशीमगाठी, खूणगाठ! मी भाषणात घेतो. ‘जे आमच्या आड येतील, त्यांची गाठ आता या गाठीशी आहे.’ कसं वाटतं?”

“लांब वाटतं,” बाई म्हणाली.

शब्द मिळाला, पण गच्ची मिळेना. केबलवाल्यानं वाचनालयाच्या छतावर उभं राहून गल्लीकडं बघितलं आणि पैज मारली, की इथून दिसते ती एकच गच्ची. तीनमजली, पिवळी, पाण्याची टाकी असलेली. बाकी सगळी घरं गोदामाच्या भिंतीआड. “तिथं डबा बसला की खालची सगळी गल्ली आपली. कुणाचं घर आहे, ओळख आहे का बाई?”

ओळख होती. ते तिच्या दिराचं घर होतं.

एके काळी तिथं बैठं घर होतं आणि दोघे भाऊ त्यात एकत्र राहत. वाटणी झाली, थोरल्यानं पैसे घेऊन वाचनालयाजवळ दोन खोल्या घेतल्या, धाकट्यानं जुनं पाडून वर चढवलं. वाटणीत काही वाकडं झालं नव्हतं. वाकडं झालं ते नंतर, एका साध्या जेवणात. बाईच्या सासूबाई तेव्हा आजारी होत्या आणि धाकट्या जावेकडं होत्या. बाई नोकरीमुळे आठवड्यातून एकदा यायची. पानं वाढता वाढता धाकटी सगळ्यांदेखत म्हणाली, “वहिनींचं काय, त्यांना पुस्तकं सांभाळायची सवय, आजारी माणूस नाही. वेळेवर परत आणून दिलं की झालं.” सगळे हसले. बाईही हसली, जेवली, हात धुतले, आणि त्यानंतर सासूबाई गेल्या तेव्हाचे दिवस सोडले तर ती त्या घराची पायरी चढली नाही. धाकटीनंही बोलावलं नाही. भाऊ भाऊ चौकात भेटत, चहा पीत. जावा एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या.

तेव्हा बाईनं नवऱ्याला पाठवलं. “तुमच्या भावाला विचारा. गच्चीवर एक डबा बसवायचाय म्हणावं. वजन काही नाही.”

नवरा विचारून आला. “सांगतो म्हणाला.”

“कधी?”

“सांगतो म्हणाला एवढंच. जरा गप्प गप्प होता.”

“गप्प कसला! वरून आज्ञा आल्याशिवाय तो बोलतो का?”

आठवडा गेला, निरोप नाही. शनिवार जवळ येत होता. धाकटी मुद्दाम ताणते आहे, आपण स्वतः जाऊन हात पसरावेत म्हणून वाट बघते आहे, असं बाईनं धरून चाललं. ती गेली नाही. तिनं आधी जाहिरात करायचं ठरवलं. तालमीत केबलवाला एक गोष्ट खरी बोलला होता, की लोक चोरीच्या भीतीनं असले डबे कपाटात घालून ठेवतात आणि मग ते चालत नाहीत. ते मनात ठेवून तिनं मोठ्या अक्षरात फलक लिहिला आणि झाडूवालीकरवी गल्लीच्या तोंडाशी लावला.

‘प्रत्येक घरात एक गाठ असू शकते. ती लपवून ठेवू नका. शनिवारी दुपारी वाचनालयात या. माहिती मोफत.’

दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आत पायरीवर चार बायका उभ्या. त्यातल्या एकीनं पदर सावरून हळूच विचारलं, “तपासायला बाईच असणार ना?”

“काय तपासायला?”

“नाही, गडीमाणूस असेल तर आमच्या सासूबाई येणार नाहीत. त्यांना मानेला आहे.”

“माझ्या बहिणीला गुडघ्यामागं आहे,” दुसरी म्हणाली. “दुखत नाही, पण फिरते.”

बाईनं फलकावरचं वाक्य मनात पुन्हा वाचलं, आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं बायकांना सगळं समजावून सांगितलं. त्या हिरमुसल्या. मानेच्या गाठीवाल्या सासूबाईंसाठी तिनं सरकारी दवाखान्याची वेळ कागदावर लिहून दिली. दुपारी फलक उतरवू असं तिनं ठरवलं, पण दुपारच्या आधीच धाकटी आली.

सभागृहात तेव्हा एकच वाचक होता, पेपरात तोंड खुपसलेला. धाकटी सरळ टेबलापाशी येऊन उभी राहिली. वाळली होती. घरातलीच साडी, घरातल्याच चपला.

“वहिनी, कुणी सांगितलं तुम्हाला?”

“काय?”

“साळसूदपणा नको. ह्यांनी दादांना सांगितलं आणि दादांनी तुम्हाला. होय ना?”

“गच्चीचं? मीच विचारायला पाठवलं होतं—”

“गच्ची गेली खड्ड्यात! माझं दुखणं चव्हाट्यावर टांगलंत तुम्ही. ‘लपवून ठेवू नका’ म्हणे! लपवलं तर लपवलं. माझं अंग आहे. तुमच्या वाचनालयाचं पुस्तक नाही, कुणीही उघडून बघायला.”

पेपर खाली झाला. बाईच्या तोंडून सवयीनं ‘शू’ निघून गेलं.

“मला शू करू नका!” धाकटी म्हणाली. तिचा उजवा हात डाव्या काखेखाली गेला होता आणि तळवा तिथं दाबून धरलेला होता. तिला त्याचा पत्ता नव्हता. बाईनं तो हात बघितला.

ती उठली, धाकटीच्या दंडाला धरून तिला मागच्या खोलीत नेलं आणि जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यावर बसवलं. पाणी दिलं. धाकटीनं ते घेतलं नाही, मग घेतलं.

“केवढी आहे?” बाईनं विचारलं.

“सुपारीएवढी.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“काढायची. शनिवारी सकाळी. मग कळेल कसली ती.” धाकटीनं पेला खाली ठेवला. “म्हणजे तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

“नाही.”

“मग ते काय लिहिलंय?”

“ते इंटरनेटचं आहे.”

धाकटी तिच्याकडं बघत राहिली. “इंटरनेटला गाठ असते?”

“इंग्रजीत नोड म्हणतात. मी मराठी केलं.”

“कशाला?”

धाकटीच्या गळ्यातून एक आवाज आला. तो हसण्याचा आहे हे बाईला जरा उशिरा कळलं, कारण हसताना धाकटीनं पुन्हा काखेखाली हात दाबला. तपासणीसाठी सुई घातलेली जागा दुखत होती. “आई गं,” ती म्हणाली, “तुमचं मराठी, वहिनी! पहिल्यापासूनच असं!”

बाई म्हणाली, “फलक मी आत्ता काढते. आणि गच्चीचं राहू दे. बघेन मी दुसरीकडं.”

“दुसरीकडं कुठं? सगळ्या गल्लीत उंच घर आमचंच आहे.” यात थोडी ऐट होती. दुखण्यातही ती तिनं सोडली नव्हती. “डबा बसवा तुम्ही. तुमच्यासाठी नाही सांगत. आठ दिवस मी दवाखान्यात पडणार, आणि घरी फोन लागत नाही. ह्यांनी गॅस बंद केला की नाही हे मला तिथं कळायला नको? माझा जीव गाठीनं नाही जायचा, त्या गॅसनं जाईल.”

“बरं.”

“उद्या माणूस पाठवा. त्याला म्हणावं चपला खाली काढ. शनिवारी घरात कुणी नसेल, एक किल्ली तुमच्याकडं ठेवते.” मग ती उठली. “आणि गल्लीत कुणाला कळता कामा नये.”

“नाही कळणार,” बाई म्हणाली, आणि ते तिनं पाळलं. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. गच्ची कशी मिळाली म्हणून त्यानं विचारलं तेव्हा “मागितली” म्हणाली. “आणि तिनं दिली?” “दिली.” बाकीचं सांगायचं असेल तर त्याचा भाऊ सांगेल.

फलकावर आता ‘डबा’ आला. अध्यक्षांना ते फार लागलं. “वाचनालयाच्या फलकावर डबा? लोक जेवणाचा डबा घेऊन येतील बाई!”

“येऊ देत. जेवतील.”

“माझं अख्खं भाषण गाठीवर आहे.”

“गाठ शब्द चालणार नाही.”

“पण का?”

“चालणार नाही,” एवढंच ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तरी अध्यक्षांनी पुढं विचारलं नाही. आपली अट मात्र त्यांनी जाता जाता पुन्हा ऐकवली.

केबलवाल्यानं डबे बसवले. एक वाचनालयाच्या छतावर, एक पिवळ्या गच्चीवर, टाकीच्या कठड्याला, समोरासमोर तोंड करून. शुक्रवारी संध्याकाळी इंटरनेट लागलं. गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या ओसरीत उभं राहून केबलवाल्यानं फोनवर गाणं लावून दाखवलं.

शनिवारी सभागृह भरलं. खरोखरच दोघीजणी जेवणाचे डबे घेऊन आल्या होत्या. अध्यक्ष बोलले, थोडक्यात, कारण गाठ काढल्यावर भाषणात काही उरलं नव्हतं. मग केबलवाला शिवणवालीला गल्लीत पाठवून तिला फोन करणार होता, चित्रासकट, सगळ्यांसमोर, मोठ्या पडद्यावर. त्यानं फोन लावला. पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं. त्यानं पुन्हा लावला. चक्र पुन्हा फिरलं.

“काल चालू होतं, आईशप्पथ,” तो म्हणाला. त्यानं छतावरचा डबा बघून घेतला. तो चालू होता. “पलीकडचा मेलाय बाई. करंट नाही त्याला.”

“वीज तर आहे गल्लीत,” कुणीतरी म्हणालं.

अध्यक्षांनी घड्याळात बघितलं.

वीज होती, आणि तरी करंट नव्हता. बाईनं क्षणभर डोळे मिटले, आणि तिला जुन्या घराचं दार दिसलं. बाहेर जाताना सगळ्यांच्या मागं राहून मेन स्विच खाली ओढणारी धाकटी. लग्नाला जाताना, बाजारात जाताना, सासूबाईंना दवाखान्यात नेतानासुद्धा. आजही ओढला असणार.

“मी येते,” ती म्हणाली. किल्ली तिच्या पर्समध्ये होती.

उतारावरून ती जमेल तेवढ्या भराभर गेली. पिवळ्या घराचं कुलूप उघडलं, चपला काढल्या. मेन स्विच दारामागंच होता. वर केला. कुठंतरी फ्रिज गुरगुरला. थोड्या वेळानं पर्समधला फोन वाजला. फोन त्या गल्लीत, त्या घरात वाजला, हे तिच्या मागाहून ध्यानात आलं.

“लागला! लागला बाई!” केबलवाला ओरडत होता. मागं टाळ्या होत्या. “शिवणवाली पडद्यावर आली! अध्यक्ष म्हणतात, बाईंना बोलवा, पुढचं त्यांनीच सांगायचंय!”

“येते,” म्हणत ती वळली, आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

शेगडीवर दूध उतू गेलेलं, तसंच वाळलेलं. सिंकमध्ये रात्रीची भांडी, त्यांवर सकाळचे कप, कशाला पाणी घातलेलं नाही. ओट्यावर अर्धी चिरलेली भाजी, काळी पडलेली, आणि सुरी तिच्यातच. ही ती धाकटी, जिनं कधी सिंकमध्ये चमचा ठेवून अंथरुणाला पाठ टेकली नव्हती, आणि दुसऱ्यांच्या सिंकवरून जी त्यांची जात ओळखल्यासारखं बोलायची.

“बाई? ऐकू येतंय का?”

“येतंय. तुम्ही सांगा पुढचं.”

“मी? अहो, पण कुणी काय दुरुस्त करायचं वगैरे ते तुमचं—”

“झाडूवालीला पुढं बसवा. तिला समजेल असं सांगा. मला वेळ लागेल.”

तिनं फोन फ्रिजवर ठेवला, पदर खोचला आणि नळ सोडला.

कार्यशाळा तिच्यावाचून पार पडली. ती पोचली तेव्हा तिसऱ्या शनिवारसाठी राखून ठेवलेलं भांडण पहिल्याच शनिवारी पेटलेलं होतं. पाहुण्यांना वापरू द्यायचं की नाही, यावर डब्यावाल्या दोघी हमरीतुमरीवर आल्या होत्या. अध्यक्ष कोपऱ्यात बसून शिवणवालीकडून आपल्या फोनवर काहीतरी शिकून घेत होते. सभागृह शिकवणीवाल्यांना देण्याचा विषय त्यांनी काढला नाही.

संध्याकाळी दिराचा फोन आला. गाठ निघाली होती. कसली ते कळायला आठ-दहा दिवस लागणार होते. “दादाला मीच सांगतो,” तो म्हणाला.

मंगळवारी बाई वाचनालय बंद करून पिवळ्या घरी गेली. दिराच्या पोटात काहीतरी घालायला हवं होतं, आणि डॉक्टरांची परवानगी घेऊन धाकटीलाही घरचं पाठवायचं होतं. ओट्याशी उभी असताना फोन वाजला. पडद्यावर उशीत रुतलेली धाकटी होती, केस विस्कटलेले, डोळे मात्र जागच्या जागी.

“वहिनी, हे म्हणतात झारा सापडत नाही. तुम्ही आवरलंत ना सगळं? कुठं ठेवलात?”

“खालच्या कप्प्यात. कढईत.”

“झारा कढईत?”

“मग? जिथं लागतो तिथं.”

“हे काय वाचनालय आहे, विषयवार लावायला? खिळ्याला असतो तो. तिथं खिळा आहे.”

“मला काय माहीत तुझा खिळा कुठं आहे ते?”

“फोन फिरवा. नाही, माझ्याकडं काय बघताय, ओट्याकडं फिरवा. हां. आता वर. अजून वर. अहो, वहिनी, डावीकडं.”